असेल कुठंतरी

जूनच्या सुरुवातीची गोष्ट. मामा वर जेवायला गेला होता आणि मी खाली स्टुडिओच्या काउंटरवर बसले होते. बाहेर सांगलीच्या हरभट रोडवर ऊन की पाऊस ते ठरत नव्हतं, आत पंखा नुसती गरम हवा हलवत होता. एक गृहस्थ आले. पन्नाशीतले, दाढी वाढलेली, पायात साध्या स्लिपर. घरात कुणीतरी गेलंय हे त्यांनी सांगायच्या आधीच कळलं. स्टुडिओत बसायला लागल्यापासून ही माणसं मला ओळखू येतात, ती काउंटरवरच्या अल्बमकडे बघत नाहीत. वडील गेले होते आणि तेराव्याला लावायला फोटो हवा होता. २०१२ साली त्यांच्या बहिणीच्या लग्नाचं शूटिंग मामानं केलं होतं, त्यात वडिलांचा फेटा बांधलेला एकट्याचा फोटो होता. अल्बमात तो लागला नाही, पण सिलेक्शनच्या वेळी याच कॉम्प्युटरवर आपण बघितला होता, असं ते सांगत होते. मी कॅटलॉग, म्हणजे कुठल्या डिस्कवर काय आहे त्याची कॉम्प्युटरवरची यादी, उघडला, आडनाव टाकलं, साल टाकलं. फोल्डर समोर आला. हळद, सीमांतपूजन, मुहूर्त, रिसेप्शन, सिलेक्शन, सगळं जिथल्या तिथे. आणि डिस्कच्या नंबरापुढे मीच कधीतरी लिहिलेला शेरा : ‘बंद. वाचत नाही. दुसरी कॉपी नाही.’ मी म्हटलं, “काका, फोटो होते, पण ती डिस्क गेली हो. आता नाही मिळणार.” त्यांनी दोनदा मान हलवली, “बरं” म्हणाले आणि दारात थांबून चपलेचा पट्टा सारखा करून निघून गेले. मामा हात पुसत खाली आला. मी सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “असं पटकन नाही म्हणतात होय गं?”

त्यातलं ‘नाही’ मला काही लागलं नाही. ‘पटकन’ लागलं.

मामाचं उत्तर मला लहानपणापासून पाठ आहे. “हाय की! असंल कुठंतरी. आठवड्यानं चक्कर मारा.” मग तो माणूस आठवड्यानं यायचा, मामा कपाटाकडे हात करून म्हणायचा, “बघायलोय, सापडंल.” तिसऱ्या खेपेला कधी फोटो खरंच सापडलेला असायचा. कधी माणूस यायचाच बंद व्हायचा. मला ही सरळसरळ टोलवाटोलवी वाटायची आणि खरं सांगायचं तर अजूनही अर्धीमुर्धी वाटते. ज्याच्या घरात तेरावा आहे त्याला आठवड्यानं या म्हणण्यात काय माया? पण मामाचं म्हणणं असं की, फोटो मागायला आलेला माणूस पहिल्या दिवशी ‘नाही’ ऐकायला आलेला नसतो. तेवढे चार दिवस त्याला ‘आहे, फक्त सापडायचा आहे’ एवढ्यावर काढू द्यावेत. नंतर नाही मिळाला तरी त्याचं तो बघून घेतो. मला यात एक प्रामाणिक माणूस आणि एक आळशी माणूस एकाच खुर्चीत बसलेले दिसतात. आणि त्यांना वेगळं करायचं काम मी, न सांगता, एका प्रोग्रामवर सोपवलं होतं.

कॅटलॉग करायची वेळ का आली, तर पाण्यामुळे. सांगलीत कुठलीही गोष्ट सांगायला बसलं की पूर येतोच, त्याला इलाज नाही. २००५ च्या पुरात मामाच्या निगेटिव्ह गेल्या. तेव्हा सगळा माल खालच्या फळ्यांवर होता, पत्र्याच्या डब्यांत, लग्नाच्या मोसमाप्रमाणे बांधलेला. पाणी उतरल्यावर डबे उघडले तर पट्ट्या एकमेकींना चिकटून गठ्ठे झालेले. निगेटिव्हवर जिलेटिनचा थर असतो, तो पाण्यानं फुगतो आणि शेजारच्या पट्टीला धरून बसतो, वाळला की सुटतच नाही. मामी आणि आजीनं गच्चीतल्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर पट्ट्या चिमट्यानं लावल्या होत्या. त्या गठ्ठ्यांना चिखलाचा आणि कसल्यातरी आंबट रसायनाचा वास होता, तो मला अजून नाकात आणता येतो. काय काय गेलं असं कुणी विचारलं की मामा म्हणायचा, “लई गेलं.” नेमकं काय ते त्यालाही माहीत नव्हतं. वही नव्हती. बिलबुकं होती, तीही त्याच पाण्यात.

२०१९ ला मामा शहाणा झाला होता. हार्डडिस्का सगळ्या वर नेल्या. जुन्या डीव्हीडी मात्र खालच्या ड्रॉवरमध्ये राहिल्या, कारण पाणी एवढं चढेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. या खेपेला गंमत अशी झाली की डीव्हीडीला पाण्यानं काही होत नाही. प्लॅस्टिकची तबकडी, धुतली, पुसली, सावलीत वाळवली की चालते. गेली ती नावं. कव्हरातले कागद लगद्यासारखे विरघळले, मार्करची शाई कुठे फिकट निळी तर कुठे साफ उडालेली. हाताशी राहिला तो स्वच्छ, चकचकीत, बिननावाच्या तबकड्यांचा ढीग. एकेक ड्राइव्हमध्ये घालून बघायला लागलो तर प्रत्येकीच्या पोटात तेच : व्हिडिओ टीएस नावाचा फोल्डर आणि आत व्हीटीएस शून्य एक, अंडरस्कोर एक, डॉट व्हीओबी. डीव्हीडी व्हिडिओचा नियमच तसा आहे. साखरपुडा असो, बारसं असो नाहीतर कुणाची एकसष्ठी असो, फाइलचं नाव जगभर एकच. तबकडीला स्वतःचं असं एक नाव देता येतं, पण ते देण्याइतका वेळ लग्नसराईत कुणाला असतो? बर्न करणाऱ्या प्रोग्रामनं आपण होऊन घातलेली तारीख तेवढी होती. तीही बर्न केल्याची, लग्नाची नव्हे. आणि मामाच्या धंद्यात या दोन तारखांमध्ये सहा-आठ महिने सहज जायचे.

पुढच्या वर्षी लॉकडाऊनमध्ये मी पुण्याहून घरी आले आणि हे काम अंगावर घेतलं. डिस्कांचा कॅटलॉग करणारे प्रोग्राम काही नवे नाहीत. सीडीच्या जमान्यात घरोघरी सीड्यांची पाकिटं वाढली तेव्हापासून ते आहेत. त्याआधी, विंडोजच्या आधीच्या डॉसवर, यादी दाखवणाऱ्या ‘डीआयआर’ या आज्ञेला ‘स्लॅश एस’ लावून सगळी यादी एका टेक्स्ट फाइलमध्ये ओतायची युक्ती होती, ती आजही चालते. मॅकवाल्यांकडे सीडीफाइंडर होता, त्याचाच पुढे निओफाइंडर झाला. विंडोजवर कॅथी नावाचा एक चिमुकला फुकट प्रोग्राम आहे, इन्स्टॉलसुद्धा करावा लागत नाही. व्हर्च्युअल व्हॉल्यूम्स व्ह्यू आहे, तोही फुकट आणि तिन्ही प्रकारच्या कॉम्प्युटरवर चालणारा. सगळ्यांचं मूळ काम एकच : डिस्क एकदा जोडा, तो तिच्यावरच्या फोल्डरांची नि फाइलींची नावं, आकार, तारखा वाचून आपल्या वहीत उतरवून घेतो. डिस्क काढून कपाटात ठेवा. नंतर शोध घ्यायचा तो वहीत, डिस्क न जोडता. कॉम्प्युटरचा नेहमीचा सर्च जे समोर जोडलेलं आहे तेवढंच बघतो, कपाटात काय आहे ते त्याला ठाऊक नसतं. हा फरक साधा आहे, पण पंचवीस वर्षांचा माल कपाटात असलेल्या माणसाला तोच सगळा फरक. सातबारा हातात असला म्हणजे जमीन खिशात आली असं होत नाही, तसंच हे. मी आधी कॅथीवर हात बसवला आणि मग पैसे भरून विनकॅटलॉग घेतला, कारण त्यात प्रत्येक फोटोचं एक बारकं चित्रही साठवता येतं. नुसती नावं वाचायला एका डिस्कला काही मिनिटं लागतात, चित्रांसकट घ्यायचं तर रात्रभर. मग रात्री डिस्क लावून झोपायचं आणि सकाळी दुसरी लावायची, असा पावसाळा गेला. अंधारात त्या डिस्कची बारीक घरघर आणि निळा दिवा. मामी म्हणायची, देवाजवळ समई आणि टेबलावर ही.

यादी झाली आणि मग कळलं की मामानं इतकी वर्षं नावं कशी ठेवली होती. ‘पाटील’ टाकलं की सांगली जिल्ह्यात काय होतं ते सांगायला नको. शिवाय पाटीलच्या स्पेलिंगमध्ये कधी आय, कधी डबल ई, कधी घाईत टी गायब. गावाचं नाव क्वचित. वधूचं नाव तर जवळजवळ कधीच नाही. फोल्डर पार्टीच्या नावाचा आणि पार्टी म्हणजे पैसे देणारा, तो बहुतेक वेळा मुलीचा बाप असला तरी नाव नुसतं आडनावाचं. आत फोटोंची नावं कॅमेऱ्यानं दिलेली. डीएससी आणि पुढे चार आकडे. नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव झाले की कॅमेरा पुन्हा एकपासून सुरू करतो, त्यामुळे एकच नंबर शोधला तर वेगवेगळ्या लग्नांतली माणसं एका रांगेत येऊन उभी राहतात : कुठे अक्षता, कुठे पंगत, कुठे जावळ काढलेलं टकलू बाळ. तारखेवर भिस्त ठेवावी तर मामाच्या दुसऱ्या कॅमेऱ्याची आतली बारकी बॅटरी गेलेली होती. सेल बदलला की त्याचं घड्याळ मागे जायचं, आणि ते लावायचं कुणाच्या डोक्यातच नसायचं. कॅटलॉगवर विश्वास ठेवायचा तर सांगली-मिरजेतली कितीतरी लग्नं एक जानेवारीला मध्यरात्री लागली आहेत. त्यात आणखी एक. विंडोजमध्ये फाइल दुसऱ्या डिस्कवर कॉपी केली की ‘तयार झाल्याची’ तारीख कॉपीची पडते आणि ‘बदलल्याची’ जुनीच राहते. म्हणजे फाइल जन्मण्याच्या आधीच बदललेली असते. मी हे मामाला मोठ्या उत्साहानं दाखवलं. तो म्हणाला, “मग कुंडली कशावरनं काढायची?”

मराठी नावांची आणखीच तऱ्हा. मामाचा असिस्टंट हौशी होता, त्यानं पुढेपुढे फोल्डरांना देवनागरीत नावं द्यायला सुरुवात केली. ‘वऱ्हाड आगमन’ असा फोल्डर प्रत्येक लग्नात. मी ‘वऱ्हाड’ शोधलं तर निम्मेच आले. बराच वेळ डोकं खाजवल्यावर उमगलं की डोळ्यांना एकच दिसणारा हा शब्द आत दोन प्रकारे साठवलेला आहे. एका कीबोर्डवर तो अर्धा र साध्या र पुढे एक न दिसणारा जोडखिळा घालून होतो, दुसऱ्यावर नुक्ता असलेल्या ऱ पासून. आपल्याला वऱ्हाड ते वऱ्हाड. प्रोग्रामला मात्र ही दोन गावची दोन वऱ्हाडं. ‘ॲ’चंही तसंच. आणि हे तरी युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना जगभर एकच ठरलेला नंबर, आल्यानंतरचं. त्याआधीचे पत्रिकांचे, अल्बमच्या पहिल्या पानांचे मजकूर जुन्या फॉन्टांत बसवलेले, ते उघडले तर इंग्रजी अक्षरांची नि चिन्हांची खिचडी दिसते. ‘शुभविवाह’ हा शब्द त्या फाइलींत हजारदा असेल, पण शोधून एकदाही सापडणार नाही. याबद्दल मला खरोखरच राग येतो. इंग्रजीतल्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या साध्या टेक्स्ट फाइली आजही जशाच्या तशा शोधता येतात, आणि आपण आपलं सगळं डीटीपीवाल्यांच्या कीबोर्डात कोंडून ठेवलं.

खरं काम सुरू झालं ते शेऱ्याच्या रकान्यात.

प्रत्येक फोल्डरापुढे, फाइलीपुढे आपल्याला हवं ते लिहायची सोय असते. मी आधी तिथे गाव, कार्यालय, विधी असे शिस्तीत टॅग द्यायचा घाट घातला. मामाला संध्याकाळी शेजारी बसवायचं, एकेक लग्न पडद्यावर आणायचं आणि विचारायचं, हे कुणाचं? तो आडनाव सांगायचाच नाही. तो म्हणायचा, “हे मिरजेतलं कार्यालय, बघ की हिरवं मारतंय.” त्या हॉलमध्ये ट्यूबलाइट होत्या आणि ट्यूबच्या उजेडात फोटो हिरवट येतात, गोरी नवरी कावीळ झाल्यासारखी दिसते, म्हणून तिथलं काम मामाला नेहमी नकोसं असायचं. फोटोचा रंग बघून तो हॉल सांगायचा आणि हॉलवरून साल. “इथं पाऊस आला. अक्षता भिजल्या, तांदळाचा चिखल झाला.” “ह्यो नवरदेव मांडवात दोन तास उशिरा आला, ट्रॅक्टर अडकलेला.” “ही बाई बघ, प्रत्येक फोटोत हाय. कुणाची कोण कुणाला ठावं नव्हतं, जेवून गेली.” मी हे सगळं टाइप करत गेले. आधी वैतागून, कारण मला टॅग हवे होते आणि हा माणूस किस्से सांगत होता. पुढे लक्षात आलं की काउंटरवर येणारी माणसं नेमकं असंच विचारतात. “२०१२, पाटील, डीएससी शून्य चार एक सात” असं कुणी मागत नाही. “त्या लग्नात लाइट गेलेली बघा, जनरेटर आणला, त्या लग्नात आमची आई निळ्या साडीत होती,” असं मागतात. ‘आई’ नावाचा रकाना कुठल्याही प्रोग्रामात नाही. फोटो काढताना ती कुणाची आई आहे हे काढणाऱ्याला ठाऊक नसतं, आणि ती एकटी बसली असताना तिचा फोटो निघाला ही तर निव्वळ फोकस जमवण्याची चाल. मामा कबूल करतो. हॉलमध्ये उजेड मोजायला तो कुठल्यातरी स्थिर बसलेल्या म्हाताऱ्या माणसावर दोन-तीन फोटो मारायचा. ते अल्बमात कधी लागत नाहीत. आणि नेमके तेच मागायला माणसं पंधरा वर्षांनी येतात.

डिस्का मरतात त्या मात्र पाण्यानं नव्हे. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा आम्ही तयार होतो, कुठल्या खोक्यात काय आहे ते छापून भिंतीला लावलेलं होतं आणि एकही वस्तू भिजली नाही. मेली ती वरच्या माळ्यावरची कोरडी ठाक डिस्क, ऐन उन्हाळ्यात. जोडली की टिक्‌ टिक्‌ टिक्‌, मग थोडी शांतता, मग पुन्हा तेच. आतल्या हेडला जागा सापडत नाही म्हणून तो परत परत फिरून येतो, त्याचा हा आवाज. पुण्यात दाखवून आलो. चकतीला चरे पडलेत म्हणाले, आणि प्रयत्न करून बघायचा जो आकडा सांगितला तो त्या डिस्कवरच्या सगळ्या लग्नांच्या बिलांपेक्षा मोठा होता. तेव्हा कॅटलॉगचं दुसरं अंग मला दिसलं. निगेटिव्ह गेल्या तेव्हा ‘लई गेलं’ एवढंच दुःख होतं, सरसकट. आता कुठलं लग्न, कुठला फोल्डर, त्यात किती फोटो, प्रत्येक फोटोचा आकार किती केबी, सगळं लिहून ठेवलेलं. पुरात नगर वाचनालयाची पुस्तकं भिजली तेव्हा सगळी सांगली हळहळली होती. पण ज्याच्याकडे दाखल नोंदवही आहे त्याला एकेका पुस्तकाचं नाव घेऊन हळहळावं लागतं, ते निराळंच. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची केली, ती मी कॉलेजात असताना एकदा चाळली होती. पानामागून पान नावांचं. तेव्हा कंटाळा आला. आता वाटतं, यातलं कुठलं आता कुठेच मिळत नाही हे ज्याला कळत जाईल त्याला ती यादी कशी वाचवत असेल?

आणि यादीत तर चित्रंही होती.

ते गृहस्थ गेल्यावर, मामा ‘पटकन’ म्हणाल्यावर, मी तो फोल्डर पुन्हा उघडला. डिस्क गेली तरी कॅटलॉगात साठवलेली बारकी चित्रं शाबूत होती. फेटा बांधलेला म्हातारा माणूस, लोखंडी खुर्चीवर, एक हात गुडघ्यावर. मागे मांडवाचं लाल कापड. रुंदी दोनशे पिक्सेलसुद्धा नाही. मोठं केलं की नाकडोळ्यांचे चौकोन होतात. मी ते त्यांना दाखवलं नव्हतं, कारण त्याचं प्रिंट होत नाही आणि नुसतं दाखवून काय करायचं, असा माझा हिशोब. मामानं तो हिशोब ऐकून घेतला नाही. बिलबुकातून नंबर काढला, फोन केला, संध्याकाळी त्यांना बोलावलं आणि पडद्यासमोर बसवलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, फेटा चॉकलेटी नव्हता, मोतिया होता, आम्हाला इतकी वर्षं चॉकलेटीच वाटत होता. त्या बारक्या चित्रावरून एवढं मात्र कळलं की फोटो मुहूर्ताच्या आधीचा, दुपारचा. आणि व्हिडिओवाला त्या वेळी त्याच बाजूला उभा होता, हे मामाला आठवलं. मग त्या बिननावाच्या धुतलेल्या डीव्हीडींचा शोध. शेऱ्यात मी ‘लाल मांडव, लोखंडी खुर्च्या, फेटेवाले’ असं कधीतरी लिहिलेलं होतं, त्यावरून तीन तबकड्या निघाल्या, त्यातल्या एकीत ते सापडले. चालत येतात, खुर्ची पुसतात, बसतात, कुणाशी तरी बोलतात. डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ चं, त्याची बारा बाय अठराची फ्रेम करणं म्हणजे धुक्यात माणूस उभा करणं. मामानं तरी एक क्षण निवडला, साफसूफ केला. पण त्यात त्यांचं तोंड बोलताना अर्धं उघडं राहिलेलं. घरच्यांना ते पटलं नाही. तेराव्याला शेवटी आधार कार्डावरचाच फोटो मोठा करून लागला, जसा हल्ली अर्ध्या सांगलीत लागतो. डीव्हीडीची कॉपी मात्र त्यांनी मागून नेली. वडील खुर्ची पुसतात तेवढा तुकडा मोबाइलवर वेगळा करून द्याल का, असं विचारलं. दिला. मामानं पैसे घेतले नाहीत.

मामाचं बरोबर ठरलं, असं मात्र मला वाटत नाही. तो ‘असंल कुठंतरी’ म्हणाला असता तर त्यांनी आठवड्यानं चक्कर मारली असती आणि तोवर तेरावा होऊन गेला असता. ‘नाही’ हे उत्तर कॅटलॉगमुळे मिनिटात मिळालं, आणि डीव्हीडी सापडली तीही कॅटलॉगमुळेच. मामाचा वाटा फक्त ‘नाही’ नंतर थांबायचं नाही एवढाच. पण तो ‘फक्त’ माझ्याकडे नव्हता, हेही आहे. आता मी बंद डिस्कांच्या शेऱ्यात नुसतं ‘बंद’ लिहून सोडत नाही. अल्बम कुणाला दिला, प्रिंट कुठल्या लॅबमध्ये झाले, पेनड्राइव्हवर कुणी कॉपी नेली होती, नवरीचा भाऊ स्वतःच्या कॅमेऱ्यानं काढत होता का, हे मामाला विचारून टाकते. शोधणाऱ्याला पुढचं दार कळावं म्हणून. कधी ते दार उघडतं, बहुतेक वेळा तिथे राहणारे पुण्याला गेलेले असतात.

एका गोष्टीवर आमचं जमलेलं नाही. हल्ली बहुतेक स्टुडिओवाले पार्टीला पेनड्राइव्ह नाहीतर लिंक देऊन मोकळे होतात आणि ठरलेल्या मुदतीनंतर आपल्याकडचं पुसून टाकतात. मला ते पटतं. एका लग्नाचे आता शंभर-दीडशे जीबी होतात, ते जन्मभर सांभाळायचे कुणी आणि कशाच्या पैशानं? शिवाय परक्यांच्या घरचे इतके चेहरे आपल्या कपाटात असणं हेही मला अलीकडे जरा जड जातं. त्यांना कुणी विचारलंय का? मी एक पाटी तयार करून आणली : ‘कार्यक्रमाचे फोटो व व्हिडिओ सहा महिन्यांनंतर ठेवले जाणार नाहीत.’ अक्षरं चांगली ठसठशीत. मामानं ती वाचली, मागं-पुढं करून बघितली, आणि काउंटरमागे भिंतीकडे तोंड करून ठेवली. मी विचारलं की म्हणतो, लावूया की, लग्नसराई संपू दे. ती वर्षातून दोनदा संपते.

सध्या आम्ही मिनी डीव्हीच्या कॅसेटींपाशी अडकलोय. डीव्हीडीच्या आधीचा माल, दोन पेटारे भरून, काडेपेटीपेक्षा जरा मोठ्या कॅसेटी, पाठीवर मामाच्या अक्षरात आडनावं. इथे कुठलाच कॅटलॉग चालत नाही, कारण कॅसेटवर फाइली नसतातच. ती कॅमेऱ्यात घालून तासभराची तासभर चालवावी लागते आणि फायरवायर नावाच्या जुन्या पद्धतीच्या केबलनं कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यावी लागते. तेव्हा कुठे तिला नाव, आकार, तारीख येते. मामाचा कॅमेरा कॅसेट आत घेतो आणि बाहेर सोडत नाही. फायरवायरचं भोक असलेला कॉम्प्युटर मी जुन्या बाजारातून मिळवलाय. मिरजेला एकाकडे चालू कॅमेरा आहे म्हणतात. त्याला फोन केला तर तो म्हणाला, “आहे, माळ्यावर असेल कुठंतरी. पुढच्या आठवड्यात बघून सांगतो.” मी त्याला म्हटलं, तुम्ही कशाला त्रास घेता, रविवारी मीच येते, शिडी आहे ना घरात?